तीन मिनिटांचं जर्मन

बाबा, भांडण उकरून काढायला हे लिहीत नाहीये. निदान सुरुवात तरी त्यासाठी करत नाहीये. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि आपलं जे एकच मोठं भांडण होतं ते तुमच्या बाजूनं कधी झालंच नाही. मीच एकटी भांडत राहिले. आता मी पुन्हा जपानमध्ये, आपल्या त्याच एदोगावा भागात राहते. नवऱ्याला स्टेशन जवळ हवं होतं, मला मुलीची शाळा. पण बाल्कनीतून नदीचा बांध दिसतो आणि बांधाच्या पलीकडे तेच मैदान आहे, म्हणून हे घर मी खरंच शाळेसाठी घेतलं का, असा मला माझाच संशय येतो. माझी ही सवय तुम्हाला नवी नाही. आई अजूनही म्हणते, हिला दुधात पाणी सापडलं नाही तर ही म्हशीकडे चौकशी करेल.

रविवारी सकाळी आपण दोघं सायकलींवर त्या मैदानावर जायचो. पुण्यात तुमच्या काळी हुशार मुलं संध्याकाळच्या वर्गाला जाऊन जर्मन शिकत, तसे तुम्हीही शिकलात, आणि बँकेनं पाठवलं जपानला. ते जर्मन तुमच्याकडे लग्नातल्या सुटासारखं घडी घालून पडून होतं. मग आमच्या फुटबॉल संघाचे कोच भेटले. उंच, पांढऱ्या भुवयांचे, उजव्या पायानं किंचित लंगडणारे. ते एकेकाळी जर्मनीकडून खेळले होते असं तुम्ही मला सांगितलंत, आणि माझ्या मनात पहिली शंकेची पाल तिथेच चुकचुकली. देशाकडून खेळलेला माणूस आम्हा पोरांच्या बुटांच्या नाड्या कशाला बांधत बसेल?

परत येताना तुम्ही त्यांचं आयुष्य मला हप्त्याहप्त्यानं सांगायचात. कोळशाच्या खाणीचं गाव. वडील खाणीत. मुलगा एका इलेक्ट्रिशियनकडे उमेदवारी करतो, दिवसभर वायरी ओढतो आणि संध्याकाळी मैदानाची डावी बाजू सांभाळतो. मग मोठा क्लब, मग देशाचा पांढरा शर्ट. विश्वचषकाच्या संघात त्याची निवड होते आणि अख्खी स्पर्धा तो बाकावर बसून काढतो. रोज त्याचे प्रशिक्षक खांद्यावर हात ठेवून म्हणतात, ‘उद्या.’ तो उद्या काही येत नाही. पुढे गुडघा जातो, क्लब सोडून देतो. मग जपानमधल्या एका कारखान्याचा संघ त्याला बोलावतो, जिथे खेळाडू कागदोपत्री कामगार असतात. देशाकडून खेळलेला तो माणूस रोज सकाळी निळा गणवेश घालून कामगारांच्या रांगेत उभा राहतो आणि रेडिओवरच्या कवायतीच्या तालावर हात वर-खाली करतो. तिथल्याच कॅन्टीनमधल्या एका मुलीशी लग्न करतो आणि इथलाच होतो. मला ही गोष्ट फार आवडायची, आणि तिच्यावर माझा अजिबात विश्वास नव्हता. देशाकडून खेळलेले सामने कधी सात असत, कधी नऊ. मी एकदा तुम्हाला पकडलं. “बाबा, नक्की किती?” तुम्ही पॅडल न थांबवता म्हणालात, “अगं, दोन सामन्यांत त्याला शेवटची पाचच मिनिटं मिळाली. ते धरायचे की नाही, हे त्यालाही ठरवता येत नाही.” हे उत्तर मला फारच तयार वाटलं.

सहावीतला तो फेब्रुवारी. मोठ्या मुलींच्या संघाची निवडचाचणी होती आणि त्यासाठी कोचचं शिफारसपत्र लागणार होतं. सराव संपल्यावर त्यांनी मला बोलावलं. तुम्ही शेजारी उभे. एरवी आम्हा पोरांशी मोडक्या जपानीत निभावणारे ते, माझ्याकडे बघत जर्मनमध्ये बोलायला लागतात. बोलतच राहतात. मधेच हातानं काहीतरी खाली ठेवल्यासारखं करतात, मधेच नदीकडे बघतात. तीन मिनिटं तरी नक्की झाली असतील. मग तुम्ही माझ्याकडे वळून म्हणता, “ते म्हणतात, खेळ छान आहे, पण त्या संघासाठी वेग कमी पडतो. आता अभ्यासाकडे लक्ष दे.” बस्स. तीन मिनिटांचं जर्मन आणि दोन वाक्यांचं मराठी. बाकीचं कुठे गेलं? आणि जन्मभर चेंडूमागे धावलेला माणूस अभ्यासाचं कशाला बोलेल? तो शब्द तुमचा होता, शंभर टक्के. मार्चमध्ये तुमची बदली झाली, आपण पुण्याला परत गेलो, आणि यात पाणी कुठे मुरतंय ते मी ठरवून टाकलं. कोच हो म्हणाले होते. तुम्ही नाही म्हणालात, कारण मी मुलगी होते.

ही गोष्ट मी किती जणांना सांगितली, ते तुम्हाला माहीत नाही. हॉस्टेलवर सांगितली, नवऱ्याला लग्नाआधी सांगितली, इथे ऑफिसात महिला दिनाला माइकवर सांगितली. आमच्या विभागप्रमुख-सान डोळे पुसत होत्या. माझ्या मुलीला तर ती तोंडपाठ आहे. आणि तुम्ही दवाखान्यात होतात तेव्हा, दुपारी, आई डबा आणायला गेलेली असताना, तुम्ही विचारलंत, “अजून राग आहे का गं?” मी म्हटलं, “कशाबद्दल ते तुम्हाला माहीतच आहे.” तुम्ही मान हलवलीत आणि पडदा थोडा सरकवायला सांगितलात. मी तो सरकवला. त्याचा मला आता फार त्रास होतो, बाबा.

गेल्या रविवारी माझी ओचाबान होती. मुलांच्या संघात आयांनी पाळीपाळीनं मैदानावर चहा-पाण्याची सोय बघायची, ती ही पाळी. माझी लेक आता त्याच मैदानावर खेळते. बाकावर एक ऐंशी पार केलेल्या आजी बसल्या होत्या, सगळे त्यांना वाकून नमस्कार करत होते. त्या कोचच्या पत्नी. कोच जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्या अजून रविवारी येतात. मी कपात बार्लीचा चहा दिला तेव्हा त्या म्हणाल्या, पूर्वीही इथे भारतातली एक मुलगी खेळायची, बँकेतल्या साहेबांची. मी म्हटलं, ती मीच. त्यांनी कप खाली ठेवला. “तुमचे वडील आमच्या घरी आले होते. तीन रविवार, तेही दुपारी. सूट आणि टाय घालून.” मला काही कळेना. त्या सांगत राहिल्या. तुम्ही दारातच कमरेत वाकायचात, लाडवांचा स्टीलचा डबा पुढे करायचात आणि शिफारसपत्र मागायचात. कोच तिन्ही वेळा नाही म्हणाले. म्हणाले, मला रोज उद्या-उद्या म्हणून बसवून ठेवलं, ते मी या मुलीशी करणार नाही. “शेवटच्या वेळी तुमच्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी होतं,” आजी म्हणाल्या. “आणि मैदानावर तुमच्याशी बोलून आले त्या दिवशी हे घरी येऊन कुरकुरत होते. मी एवढा वेळ बोललो आणि त्यांनी मुलीला एवढंसंच सांगितलं, म्हणे.”

यांना कोणी पढवलं तर नाही ना, हाच माझ्या मनात आलेला पहिला विचार. खोटं कशाला सांगू? पण रिकामा डबा परत देऊ नये म्हणून त्यांनी तो दर वेळी संत्र्यांनी भरून दिला होता, हेही त्या म्हणाल्या, आणि मला आपलं स्वयंपाकघर आठवलं. ओट्यावर स्टीलचा डबा, आत ती सोलायला सोपी जपानी संत्री, आणि आई विचारतेय कुठली, तर तुम्ही म्हणताय, “ऑफिसात वाटली.” मी त्यातली सहा-सात खाल्ली होती.

म्हणजे जे कडू होतं ते तुम्ही गाळलंत आणि अभ्यास आपल्या पदरचा घातलात. तो मुद्दाम का? राग कोचवर आणि खेळावर न जाता तुमच्यावर यावा म्हणून? की माझ्या अभ्यासाची काळजी खरीच होती? दोन्ही असेल. विचारायला आता कोणीच उरलं नाही, आणि नेमका हाच एक संशय मला फिटायला नको आहे.

येताना लेकीनं विचारलं, आजी काय म्हणत होत्या. मी सांगितलं नाही. आईला फोन केला, तिलाही नाही. हे पत्र फोनमध्येच राहणार, कारण तुम्हाला पाठवता येत नाही आणि दुसऱ्या कोणाला दाखवायची माझी छाती नाही. शिवाय यात अजून एक गोष्ट लिहायची राहिली आहे. त्या हिवाळ्यात माझ्याहून बुटक्या मुली चेंडू घेऊन माझ्या शेजारून सहज निघून जायच्या, आणि मी नाडी सुटल्याचं सोंग करून खाली वाकायचे. कोणी सांगायच्या आधीच मला ते ठाऊक होतं, बाबा.