गलगंडाचा छातीतला मुक्काम

ती. ताईस,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. वाकायला अजून मनाई आहे.) तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि तुमच्या गच्चीवरची मांजर या सगळ्यांची प्रकृती ठणठणीत असेल असं धरून चालते.

फोनवर तुला "किरकोळ ऑपरेशन" एवढंच सांगितलं होतं. आता सविस्तर ऐक. शाळेच्या मैदानावर मी मुलांची कवायत घेत होते. "हात वर!" म्हटलं आणि स्वतःचेही वर केले (शिक्षकांनी नुसता हुकूम सोडलेला आमच्या मुख्याध्यापकांना खपत नाही). बघता बघता तोंड लालबुंद झालं, डोळ्यांपुढे अंधारी आली, श्वास अडकला आणि मी मटकन खाली बसले. "हात खाली" म्हणायला आवाजच फुटेना, त्यामुळे मला उचलून आत नेईपर्यंत अख्खा वर्ग हात वर करून उभा. इतकी शिस्त मला साऱ्या नोकरीत लाभली नव्हती.

सर्जनसाहेबांनीही तेच करायला लावलं. हात वर, तोंड लाल. स्वारी इतकी खूश झाली, की शिकाऊ डॉक्टरांना हाका मारून माझे हात पुन्हा वर! मग स्कॅन दाखवून म्हणाले, गलगंड आहे, मानेत मावेना म्हणून छातीच्या हाडामागे उतरलाय आणि श्वासनलिकेला रेटतोय; हात वर केले की तिथल्या शिराही दाबतो, म्हणून तोंड लाल. बहुतेकदा तो मानेतूनच वर ओढून काढता येतो, पण रुतून बसला असेल तर हाड कापावं लागतं, आणि आवाजाची नस त्याला अगदी खेटून जाते. यावर आमच्या ह्यांनी विचारलं, "आवाज गेला तर कायमचा जातो का हो?" त्या प्रश्नात काळजी किती आणि आशा किती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

शुद्धीवर आल्याआल्या आधी छाती चाचपली. हाड शाबूत! गाठ मानेतूनच निघाली होती (चांगली वांग्याएवढी, असं हे येईल त्याला सांगत होते, जणू परसात यांनीच पिकवलंय). पण आवाज? नुसती फुसफुस. नस दुखावलीय, सुधारेल, धीर धरा, सर्जनसाहेब म्हणाले. मला आणि धीर!

घरी आल्यावर सुरुवातीला ह्यांनी शांतपणे पेपर वाचून घेतला. मग करमेना. एकदा बघते, तर खोलीत उभे राहून स्वतःच ओरडतायत, "ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला?" आणि स्वतःच उत्तर देतायत, "उचलतो, उचलतो." मी पोट धरून हसले, तर तीही फुसफुसच.

परवा सकाळी हे गॅससमोर उभे राहून खिडकीबाहेर बघत होते आणि पातेल्यात दूध वर येत होतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अहो, दूध!" खणखणीत! हे गर्रकन वळले, पण गॅसकडे नाही, माझ्याकडे. दूध ओट्यावरून फरशीवर, आणि हे भरल्या डोळ्यांनी म्हणतात, "परत म्हण." गॅस मीच बंद केला. ओटा मात्र त्यांच्याकडूनच पुसून घेतला.

भावजींना नमस्कार.

तुझी,
धाकटी

ता. क. वरचं सगळं प्रास्ताविक होतं. भावजींनी ह्यांच्या कानावर घातलंय, की तुला हल्ली आडवं झोपवत नाही, खुर्चीत बसून डुलक्या काढतेस आणि गळ्यावरचा फुगवटा पदराखाली झाकतेस. विचारलं की "वय झालं" म्हणतेस. सर्जनसाहेबांकडे तुझं नाव नोंदवून ठेवलंय. मुकाट्याने ये.

आणखी एक ता. क. आत नेताना मी भूल देणाऱ्या बाईंचा हात गच्च धरला आणि "ताई, ताई" करत राहिले, असं त्या सांगतात. त्यांनी हात सोडवून घेतला नाही. तुझा मी धरीन.