चाचणीला नाव देऊन आलो, बाबा

तीर्थरूप बाबा,

सोमवारी सकाळी आंघोळ केली, देवापुढे उदबत्ती लावली आणि चहा न घेताच राळेगावच्या स्टँडवर गेलो. रक्त तपासायला उपाशीपोटी बोलावलं होतं. तुमची सून सुशीला सोबत होती, पण फुगलेली. एसटीत ती बोलेना, म्हणून यवतमाळ येईपर्यंत मनातल्या मनात तुमच्याशीच बोललो. तेच आता लिहितो आहे.

तुमचं विसरणं भजनात सुरू झालं. त्या गुरुवारी तुम्ही एकच कडवं पुन्हा धरलं, मग पुन्हा. मी तुमच्या मांडीला हात लावला तर नारायणकाकांनी माझ्यावरच डोळे वटारले, "टोकू नको रे गजा! तंद्री लागली बापूची. असं भाग्य कोणाले भेटते?" बाया तुमच्या पाया पडल्या. घराची वाट चुकलात, तेही आम्ही भक्तीतच धरलं. केवढी चूक, आणि किती आनंदाने केलेली!

पुढे तुम्ही मला ओळखेनासे झालात. "बसा पावने, पोरगा वावरात गेलता, येईनच आता," म्हणून मलाच पाण्याचा गडू द्यायचात. मी पाणी पीत असे. वाट पाहत होतात ना माझी? मग समोरच्याला एकदा तरी नीट पाहायचं होतं!

दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत आणणारं औषध अजून नाही. तुम्ही गेल्यावरही तो 'अजून' माझ्याजवळ राहिला.

आता त्याच दवाखान्यात, ज्यांच्या आईबापाला हा विसरण्याचा आजार होता, पण स्वतः धडधाकट आहेत, अशी माणसं, हा आजार आधीच अडवू पाहणाऱ्या औषधाच्या चाचणीसाठी हवी आहेत. पावसाळ्यापासून मी ढकलत होतो. काका म्हणाले, "देवाची इच्छा, तू कायले मधात पडतं?" देवाच्या इच्छेत डॉक्टर बसत नाहीत, असं कोणी ठरवलं, बाबा?

सुशीलाचं भांडण वेगळं. "त्याइले उंदीर कमी पडले का?"

"उंदराले विचारलं तर तो सांगत नाही, काय विसरला ते."

ती हसली नाही. "तुमाले काही झालं तं मी कोणाच्या तोंडाकडे पाहू?" भीती मलाही होती.

सोमवारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी काही लपवलं नाही. त्रास होऊ शकतो. निम्म्यांना औषध, निम्म्यांना औषध नसलेली नुसती साधी गोळी. कोणाला काय, ते कळणार नाही. नको वाटलं तर कधीही सोडता येईल.

"म्हणजे याइचा फायदा होईनच असं नाही?" सुशीलाने विचारलं.

"नाही, ताई. पण कोणीच आलं नाही, तर औषध सापडणार कसं?"

सुशीला माझ्याकडे वळून म्हणाली, "दर खेपेले मी संगं येईन. काही लपवसान तं पाहा!"

बाबा, शब्द देतो. बोलावतील तेव्हा जाईन, होईल तो त्रास खरा सांगेन. गावात ज्यांच्या घरी हे दुखणं होऊन गेलं, त्यांनाही विचारेन. येतो म्हणाले तर सोबत नेईन, नाही म्हणाले तर पुन्हा विचारणार नाही.

मी सही केली, बाही वर केली आणि हात पुढे केला.

तुमचा,
गजानन