उकळलेला साएमिदोरी

डायरी, मंगळवार संध्याकाळ

सईने जपानहून साएमिदोरी पाठवला, तिथल्या खास वाणाचा हिरवा चहा. फोनवर दहादा बजावलं, "आई, प्लीज, उकळू नकोस. कोमट पाण्यात ठेव, कोवळ्या मटारसारखा गोड लागतो." आणि मी? सवयीने आलं ठेचलं, दूध घालून खळखळून उकळला. एक घोट घेतला तर कडूजहर! ओतून टाकणार, तोवर ह्यांनी कप संपवलासुद्धा. "छान झालाय गं. मटारसारखा गोड."

साखर जरा कमी पडली तर कप परत पाठवणारा माणूस हा! केमो सुरू झाल्यापासून ह्यांची चवच गेलीय, आणि मला सांगत नाहीत. रोज जेवताना आपलं, छान झालंय.

दुखतंय का विचारलं तरी हेच म्हणतात. छान आहे.