पूर्वाचं आठवीचं वर्ष

१६ जून
शाळा भरली. गल्लीतल्या पोरी दप्तरं घेऊन गेल्या, आमची पूर्वा ओट्यावर त्रैराशिक सोडवत बसली. आठवीला नाव घातलंच नाही. फळ्यावरचं गणित चुकलंय म्हणाली म्हणून मागच्या वर्षी सरांनी दोन तास उभी केली होती, तेव्हाच ठरवलं. माझं डी.एड. इतकी वर्षं ट्रंकेत पडलंय, एका विद्यार्थिनीच्या तरी कामी येऊ दे. हे म्हणाले, जमतंय तर शिकव. मी खूश.

२ जुलै
गिरणीवर दोघींनी विचारलं, कधी उरकताय? काय ते कळलं नाही, मग कळलं. वडीगोद्रीत पोरगी शाळेतून काढली की लोकांना लग्नाशिवाय दुसरं काही सुचतच नाही. वय तेरा! घरी येऊन विनाकारण पू.वर ओरडले.

२० जुलै
नणंदबाई धावड्याहून आल्या. "घरात बसून काय शिकून राह्यली ही?" माझं डोकं सटकलं. म्हटलं, घ्या परीक्षा. पू.ने बारा माणसांचं प्रमाण काढून एकटीनं स्वयंपाक केला. कागदावर कोन-मापं मांडून माझं ब्लाऊज बेतलं, कापलं, शिवलंही. नणंदबाई गार. मोबाइलवर फोटो काढत बसल्या. आज मी जिंकले.

६ ऑगस्ट
जिंकले कसली, डोंबल. नणंदबाईंचा फोन आला की हे उठून अंगणात जातात. पू.चे मशीनवरचे फोटो कुणा पाहुण्यांना पसंत पडलेत म्हणे. मीच पोरगी सजवून दाखवली. इतकी कशी मूर्ख मी.

१९ ऑगस्ट
यांना सरळ विचारलं. आवाज न चढवता म्हणाले, "बोलून ठेवायला काय जातंय? लगीन काय आजच करून राह्यलो का? घरीच तर आहे ती."
म्हटलं, घरी शिकतेय ती.
"मंग तेच ना."
ओरडले असते तर बरं होतं. भांडता आलं असतं. फार भीती वाटतेय.

२५ ऑगस्ट
शाळेत जाऊन आले. हेडसर नाव घ्यायला तयार आहेत, पण वडिलांना घेऊन या म्हणाले. आणि पू. म्हणते, "मी न्हाई जाणार. तूच तर म्हणलीस, तिथं काही शिकवत न्हाईत." काय सांगू हिला? की तिथं काही शिकली नसती, तरी कुणाच्या नजरेत आली नसती?
अंगणवाडीच्या बाईंनी बालविवाह थांबवणाऱ्या हेल्पलाइनचा नंबर लिहून दिला. म्हणाल्या, नाव सांगत नाहीत ते कुणाचं. या गावात कोण लावणार नंबर, माझ्याशिवाय? यांना कळायला किती वेळ लागेल. गुन्हा दाखल झाला तर यांच्यावरच.

३१ ऑगस्ट
चहाचं आधण ठेवून लिहितेय. "सहज" म्हणून पाचजण आलेत. नणंदबाई सकाळीच साडी घेऊन हजर. यांनी दाढी केलीय.
पू.ला वाटतंय, आत्यानं पुन्हा परीक्षा ठेवलीय. साडी नेसून, भूमितीची वही काखेत धरून उभी आहे.
"आई, ते गणितातलंच इचारतील ना?"
मी हो म्हटलं. का म्हटलं, माहीत नाही.
बाहेरून हे हाक मारतायत, पाठव म्हणून. नंबर लावलाय. तिकडे रिंग वाजतेय