एकशे बारा नंबरचं प्रथिन

हॅम्बुर्ग, सोमवार, ३ नोव्हेंबर २००८

क्षयाच्या जंतूची प्रथिनं इथे आता पावासारखी भट्टीतून निघतात! यंत्रमानव दिवसाला हजारो थेंब टाकतो. एखाद्या थेंबात स्फटिक धरला की तो क्ष-किरणांखाली, की प्रथिनाची आकृती तयार. तीनदा धरला नाही, की प्रथिन यादीतून बाद. माझं एकशे बारा नंबरचं आज तिसऱ्यांदा नापास. चार वर्षं घातलीत मी त्याच्यावर! हिनरिख्ससाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "टीसेनबाई, तुमच्या लाडक्याला शेवटचे दोन आठवडे. सतराला स्फटिक दाखवा, नाहीतर विषय संपला."

साहेबांनी स्वतःच्या हातानं शेवटचा स्फटिक कधी वाढवला, कोण जाणे.

बुधवार, ५ नोव्हेंबर

टोर्बेन — यंत्रमानवाचा माहूत, वय एकतीस — दालचिनीचा पाव चघळत माझ्या टेबलाशी. "हातानं थेंब टाकताय? अजून?"

हो, अजून! यांना बटण दाबता येतं, वाट बघता येत नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

धरला!!

गुरुवार, १३ नोव्हेंबर

क्ष-किरणांखाली ठिपके इतके स्वच्छ, की रडू आलं. आता आकृती काढायची तेवढी राहिली. टोर्बेन म्हणाला, "मोजमापं द्या ना, जुन्या स्फटिकांशी ताडून बघतो. आम्ही सगळ्यांचीच बघतो." म्हटलं, "घाऊक मालाची बघा." तोंड एवढंसं झालं त्याचं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

साहेबांना सांगून टाकलं. "मानलं, टीसेनबाई!" त्यांनी बर्लिनला वरिष्ठांना फोनसुद्धा केला. मानायला चार वर्षं लागली या माणसाला.

सोमवार, १७ नोव्हेंबर

बैठकीआधी टोर्बेन आला, दार लावून घेतलं. मला न विचारता मोजमापं ताडून पाहिली होती त्यानं.

"हा क्षयाच्या जंतूचा स्फटिक नाहीच, बाई. तुमचं प्रथिन आपण ज्या साध्या जंतूत वाढवतो ना, त्याचं स्वतःचं आहे हे. गाळताना चिमूटभर राहून जातं, आणि मेलं लगेच स्फटिक धरतं. माझंही झालंय एकदा. कुणाला बोललो नाही अजून — तुम्हीच सांगा."

आभार मानायला तोंड उघडलं, आणि मी म्हणाले, "दार कशाला लावलंस?"