रकान्यातली भाषा

ता. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलता येणार नाही. घर एवढंसं आणि बाबांचे कान अजून तिखट, म्हणून लिहिते.

परवा बाबांना स्मरणशक्तीच्या तपासणीला नेलं होतं. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, मला वाटलं हसत हसत पास होईल. डॉक्टरीणबाईंनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, ते फक्कड काढलं म्हणे. मग जे गप्प झाले, ते वार सांगेनात की वर्ष.

आता तू ओरडणार. दुभाषी मागितलाच नव्हता. चिमीला शाळेत घातलं तेव्हा ‘घरात कोणती भाषा बोलता’ या रकान्यात आम्ही इथलीच भाषा लिहिली होती, नाहीतर पोरीला वेगळ्या वर्गात बसवतात. आमच्या मजल्यावर चार दारं आणि पाच भाषा, पण कागदावर सगळ्यांची एकच! हाताला तीच सवय. बाबांच्या फॉर्मवरही तेच लिहून मोकळी झाले. ऐनवेळी चिमीच मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत होती. आत एकालाच सोडतात, मी बाहेर बाकावर.

डॉक्टरीणबाई म्हणतात, यांना घरी एकटं ठेवू नका. मी दिवसभर बेकरीत, हे गोदामात. ह्यांनी वृद्धाश्रमाचा फॉर्म आणलाय, महिनाअखेर सही करायची. जीव थाऱ्यावर नाही गं. हे लिहिता लिहिता मी तीनदा उठून गॅस बंद केला का ते बघून आले. बाबा नुसते खिडकीशी बसतात, चिमीशीसुद्धा बोलत नाहीत.

रागाव हवं तेवढं, पण पत्र धाड.
तुझी धाकटी


ता. ११ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सही केलीस तर याद राख! गेल्या महिन्यात बाबांनी मला लिहिलं होतं, माझ्या पत्रावरची तारीख एक दिवस पुढची आहे म्हणून. त्या माणसाची आठवण गेली?

चित्र नीट काढलं आणि लगेच पुढे मुके झाले. मग चित्रानंतर काय विचारलं, हे तुमच्यापैकी कुणी विचारलंत? आणि नऊ वर्षांच्या लेकराला दवाखान्यात दुभाषी म्हणून बसवलंस, कमाल आहे बाई तुझी. सोबत बाबांसाठी वेगळा कागद ठेवलाय. तो न वाचता त्यांच्या हातात दे.

जेवत जा वेळेवर. तुला रागावले तरी काळजी तुझीच आहे.
ताई


ता. १९ मार्च

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू सरळ विचारलंस, म्हणून सरळ सांगतो. डोकं शाबूत आहे. आज गुरुवार.

चित्र झाल्यावर डॉक्टरीणबाईंनी काहीतरी विचारलं. चिमी जरा थांबली, मग म्हणाली, आजोबा, त्या विचारतायत, तुम्हाला कधी जगणं नकोसं वाटतं का. माझ्याकडे बघत होती पोर. तुझी आई गेल्यापासून वाटतं गं कधी कधी. पण हो म्हटलं असतं, तर ते तिला स्वतःच्या तोंडाने तिथे सांगावं लागलं असतं. नाही म्हटलं असतं, तर तिने माझी लबाडी ओळखली असती, पत्त्यांत ओळखते तशी. मी चित्रातल्या काट्यांकडेच बघत राहिलो. पुढे वार विचारला, वर्ष विचारलं, तोंड उघडेना. ते उघडलं तर नको तेच बाहेर पडेल, अशी भीती बसली.

धाकटीला सांग, मला धीर होत नाही. जावईबापूंना बोल लावू नकोस, भला माणूस आहे. चिमीला यातलं काही कळू देऊ नका.

इथे सारखी आठवण येते तुम्हा सर्वांची.
बाबा


ता. ३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पाठवलेलं बाबांचं पत्र बेकरीच्या मागच्या खोलीत वाचलं आणि पिठाच्या हातांनीच रडले. घरी येऊन ह्यांना वाचून दाखवलं. ह्यांनी वृद्धाश्रमाचा फॉर्म फाडला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाऊन रकान्यात मराठी लिहिलं. या खेपेला दुभाषी म्हणून एक पोक्त बाई आल्या. बाबांनी वार, वर्ष, सगळं फटाफट सांगितलं. त्या प्रश्नाला ‘हो, कधी कधी’ म्हणाले आणि बराच वेळ बोलत राहिले. आता दर मंगळवारी डॉक्टरीणबाई आणि त्या बाई, दोघींशी बोलायला जायचंय. बाबा कुरकुरतात, पण शर्ट आदल्या दिवशीच काढून ठेवतात.

एक गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देत नाही. पहिल्या तपासणीचा कागद मागून घेतला. चित्राच्या खाली प्रत्येक प्रश्नापुढे ‘उत्तर दिले नाही’ असं आहे. फक्त त्या एकाच प्रश्नापुढे ठसठशीत लिहिलंय, ‘नाही, कधीच वाटत नाही.’

बाबांनी तोंड उघडलं नव्हतं, ताई.

चिमीला मी अजून काही विचारलेलं नाही. तिने अभ्यासाचं टेबल ओढत ओढत बाबांच्या खिडकीशी नेऊन ठेवलंय, आणि तिथून हलत नाही.

उन्हाळ्यात ये. वाट बघतो आम्ही चौघं.
तुझी धाकटी