आधी दिवा की आधी पडदा

दि. ३ मार्च
चि. दीडशहाणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाटकाचे दिवे आणि पडदे चालवायला तू बनवलेली संगणकाची इवलीशी भाषा मी शिकले, पण तुझं यंत्र अडून बसलंय. मी लिहिलं, ‘माठ्याचा पडदा उघडला की माझा दिवा.’ ते म्हणतं, माठ्या कोण ते सांगितलेलंच नाही!

मागच्या प्रयोगात पडदा काळोखात उघडला. पडदा ओढणारा तुझा मामा, म्हणजे आमचा माठ्या, म्हणतो, ताईचा दिवा उशिरा लागला. मी म्हणते, त्यानेच घाई केली. तेव्हापासून अबोला आहे. शनिवारी नवा प्रयोग, काहीतरी कर.

जीव टांगणीला लागलेली तुझी,
मावशी

दि. ५ मार्च
ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

अगं, यंत्राला भांडण कळत नाही. ज्याचा उल्लेख केलास तो कुठेतरी सांगितलेला आहे ना, एवढंच ते तपासतं. मी ‘माठ्याचा’ काढून ‘मोठा पडदा’ असं घातलं, तर नवीनच तक्रार! मामाने लिहून पाठवलंय, ‘ताईचा दिवा लागला की मोठा पडदा.’ तो तुझ्यासाठी थांबणार, तू त्याच्यासाठी; प्रेक्षक बसतील जांभया देत. तुझं माझं जमेना, तुझ्यावाचून करमेना! मामालाही हेच कळवलंय.

लहान तोंडी मोठा घास पोटात घालावा.
तुझी भाची

दि. ७ मार्च
ती. मावशी आणि मामा यांस,
सा. न. वि. वि.

दोघांनी गुपचूप ओळी बदलल्यात. ‘घंटा झाली की दिवा.’ ‘घंटा झाली की पडदा.’ यंत्र खूश, चूक एकही नाही. एकमेकांचा उल्लेखच नाही, तर चूक सापडणार कुठून? पण दिवा उजळायला वेळ लागतो, म्हणजे पुन्हा काळोखच. मी बदल केला, तर चुकल्यावर दोघंही माझ्या नावाने खडे फोडाल. मला तुम्ही दोघं असे एकमेकांना टाळणारे नको आहात. बोला ना एकदा.

माया पातळ होऊ देऊ नये.
तुमची भाची

दि. ९ मार्च
चि. दीडशहाणीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल मीच पडद्यामागे गेले. तुझा मामा खुर्ची झटकून म्हणाला, बस. मग तासभर आम्ही यथेच्छ भांडलो. फार बरं वाटलं. ओळ अशी घाल: ‘घंटा झाली की दिवा, दिवा उजळला की मोठा पडदा.’ काळोख झाला, तर दोष माझा.

तुझी मावशी

ता. क. ताईचा दिवा कितीही उशिरा लागो, पडदा थांबेल. हे यंत्राकडून तपासून घेऊ नकोस.
— मामा